नाण्यांची प्रतवारी आणि त्यांचे मोल

रायपूरच्या सदर बाजारात व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया घेऊन गेल्यास सराफ तो तराजूत घालतो. वजन 11.66 ग्रॅम, त्यातील बारावा हिस्सा हीण धातूचा वगळला म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम उरते. त्या दिवसाचा दर लावला की हिशेब संपला. संग्राहक मात्र भिंग हाती घेतो. मुकुटावरील नक्षी, केसांच्या बटा, गाल अशा उठावाच्या भागांची झीज किती झाली आहे, कडेला ठेच आहे काय, टांकसाळीतून निघतानाची झळाळी शिल्लक आहे काय, हे तो पाहतो. एकाच वर्षाचे दोन रुपये त्याच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू होत. या निराळेपणाला अंक देणे म्हणजे प्रतवारी होय.

हा अंक आरंभी किंमतच सांगत असे. 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी मांडली. अगदी झिजलेले नाणे एका डॉलरचे असेल, तर 70 श्रेणीचे नाणे सत्तर डॉलरचे, असा त्याचा सरळ गुणाकार होता. बाजाराने तो लवकरच मोडला; अंक मात्र टिकला. (न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातील सरस सेंट काढून तेथे आपली हिणकस नाणी ठेवण्याचा उद्योग याच गृहस्थांनी केला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले.)

पुढे 1986 साली अमेरिकेत एक व्यावसायिक संस्था निघाली. नाणे पारखायचे, अंक ठरवायचा आणि पारदर्शक पेटीत नाणे सीलबंद करून द्यायचे, हे तिचे काम. विक्रेता स्वतःच्या मालाची तारीफ करतो, ही ग्राहकाची जुनी अडचण होती. आता न पाहताही सौदे होऊ लागले. परंतु याचा दुसरा परिणाम असा झाला, की साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका अंकाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलू लागली.

या संस्थेच्या संस्थापकांपैकी डेव्हिड हॉल यांनी 1991 साली हीच पद्धत खेळाडूंच्या चित्रपत्रांना लावली. अमेरिकेत पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून अशी पत्रे मिळत. बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे 1909च्या सुमारास निघालेले पत्र फार दुर्मीळ. त्याची एक प्रत नव्या संस्थेने पारखलेले पहिलेच पत्र ठरली व तिला दहापैकी 8 अंक मिळाले. 1991 मध्ये लिलावात 4,51,000 डॉलरला गेलेली ही प्रत 2007 मध्ये 28 लाख डॉलरला विकली गेली. 2013 साली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने न्यायालयात कबुली दिली, की आपण तिच्या कडा कापून नीट केल्या होत्या. कातरलेल्या पत्राला असा अंक मिळावयास नको होता. उलट 2021 मध्ये याच पत्राची अवघे 3 अंक मिळालेली दुसरी प्रत 66 लाख डॉलरला गेली. वस्तू फारच विरळ असली की प्रतवारीचा प्रभाव ओसरतो. आपल्याकडे 1939 साल कोरलेल्या रुपयाचे तसेच आहे. तेथे पहिला प्रश्न प्रतीचा नसून तो अस्सल आहे की बनावट, हा असतो.

छत्तीसगडातील घराघरांतून असलेल्या रुपयांची गोष्ट निराळी. येथे ते कडी डाखून गळ्यातल्या माळेत ओवले जात. लक्ष्मीपूजनाला काढलेला रुपया चिंचेने किंवा राखेने लख्ख घासण्याची रीत तर महाराष्ट्रातही आहे. प्रतवारीच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच. घासल्याने मूळ पृष्ठभाग जातो. कडी काढली तरी डाखाचा व्रण उरतो. अशा नाण्याला संस्था अंक देत नाहीत, केवळ दोषाचा उल्लेख करून ते परत करतात, आणि ते एरवी कितीही रेखीव असले तरी त्याची किंमत उतरते. माणसाच्या हातून गेलेल्या वस्तूवर तिच्या वापराची खूण असावी, यात गैर ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संग्राहकांच्या बाजाराला ते मान्य नाही.

शिवाय 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा राणीचा रुपया अमेरिकेतील पारख्यांकडे धाडण्याचा मार्गही बंद आहे. सदर बाजारातील सराफाला या कशाचेच सोयरसुतक नसते. तो कडीचे आणि डाखाचे वजन तेवढे वजा करतो.