दाट, पातळ आणि जड

‘तेल जड की पाणी?’ असे विचारले तर पुष्कळजण ‘तेल’ असे उत्तर देतील. कारण तेल सावकाश ओघळते. पण आमटीवरचा तवंग पाहिला की हे उत्तर टिकत नाही. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलकेच आहे. तेव्हा जडपणा वेगळा आणि दाटपणा वेगळा. वाहताना द्रवाचे थर एकमेकांवर घासतात व वाहण्यास आतूनच विरोध होतो. या गुणधर्मास शास्त्रात ‘श्यानता’ म्हणतात.

श्यानतेचे ‘पॉइज’ हे एकक प्वाझय (१७९७-१८६९) या फ्रेंच डॉक्टराच्या नावावरून पडले. शरीरातील बारीक वाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे समजावे म्हणून त्याने काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे केली. पॉइजचा शंभरावा भाग तो सेंटिपॉइज.

२० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते. दुधाची २ च्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलाची ७०-८०, एरंडेलाची जवळजवळ १०००, तर मधाची काही हजार. एरंडेलही पाण्याहून हलके. पण चिवट असल्याने आसावर टिकून राहते. म्हणूनच ते बैलगाडीला वंगण म्हणून घालीत.

घरी तुलना करायची असल्यास ताट तिरपे ठेवून पाणी, दूध, तेल व काकवी एकेक चमचा वरच्या कडेने सोडावी आणि खाली पोचण्याचा क्रम पाहावा. अट एकच : सर्वांचे तापमान सारखे हवे. कारण उष्णतेने श्यानता झपाट्याने घटते. उकळत्या पाण्याची श्यानता ०.२८ सेंटिपॉइजवर येते. कढईत तापलेले तेलही पातळ होते.

ही अट आपल्याकडे जुनीच आहे. गुऱ्हाळावर कढईतला रस कितीही पातळ दिसो, गुळव्या त्यावर विसंबत नाही. थोडा पाक थंड पाण्यात टाकून मगच तो कढई उतरवायला सांगतो. माझी आई लाडवांच्या पाकाचा थेंब बशीत निववते, मग अंगठा व तर्जनी यांमध्ये तार पाहते. दोघांनीही शाळा पाहिलेली नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ‘श्यानता’ हा शब्द आणि तिचे आकडे मला येथील ग्रंथालयात मिळाले. परंतु निववून मग पारखण्याची रीत घरी आधीपासूनच होती. शास्त्र हा आपला प्रांत नव्हे, असे म्हणणाऱ्या कला शाखेच्या मित्रांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.