हातातल्या काठीचे शास्त्र

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात पोशेरा नावाचे गाव आहे. मुलूख डोंगराळ, पिके भात, नागली आणि वरईची. या भागात वस्ती एका जागी दाटीने नसते. पाडे विखुरलेले असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला जाणारी पायवाट गवतातून, झुडपांतून, ओहोळ ओलांडून जाते. अशा वाटेने दिवस मावळल्यावर निघणारा शहाणा माणूस दाराशी टेकवलेली काठी बरोबर घेतो. ती कशाला, असे त्याला विचारले तर तो हसेल. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारायला हरकत नाही. रिकामा हात आणि दीड मीटर लांबीची काठी धरलेला हात यांत नेमका फरक कोणता?

‘काठीने मारता येते’ हे उत्तर बहुतेक जण देतील. ते अर्धवट आहे. काठीचा पहिला उपयोग मारण्याचा नाही, अंतर राखण्याचा आहे. हे अंतर कसे कामाला येते ते आधी सापाच्या बाबतीत पाहू.

आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या वर्षांच्या मृत्यूंच्या अभ्यासातून निघाला आहे. यातील बहुतेक खेड्यांतील असून सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले आहेत. म्हणजे भातलावणीपासून कापणीपर्यंतच्या दिवसांत पोशेऱ्यासारख्या गावातल्या शाळकरी मुलाला सापापासून असलेला धोका हा काही गोष्टीतला धोका नव्हे.

साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो. दीड मीटर लांबीचा नाग घेतला तर हे अंतर फार तर पाऊण मीटर भरते. तुमचा हात आणि काठी मिळून सुमारे दोन मीटर होतात. तेव्हा गवत बाजूला सारायचे, सरपणाची मोळी हलवायची किंवा बिळाजवळून जायचे, तर पुढे जाणारी वस्तू काठी असावी, पाय किंवा हात नव्हे. साप दिसलाच तर याच काठीने त्याला मारायला पुढे जाणे म्हणजे मिळालेले अंतर स्वतःच्या हाताने घालवणे होय. दोन पावले मागे सरकावे, हे उत्तम.

चालताना काठी जमिनीवर आपटत जावे, असे वडीलधारे सांगतात. त्यातही तथ्य आहे. सापाला बाहेरचा कान नाही, पण जमिनीतून येणारी कंपने त्याच्या जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचतात. हवेतून येणारे खालच्या पट्टीचे आवाजही त्याला काही प्रमाणात कळतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. घन पदार्थातून ध्वनी किती चांगला जातो हे वर्गातच पाहता येईल. बाकाच्या एका टोकाला कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकावर नखाने हळूच टिचकी मारायला सांगा. मग कान उचलून तीच टिचकी पुन्हा ऐका.

मात्र काठी आपटली की साप पळतोच, असे समजू नये. धामण सळसळत निघून जाईल. पण फुरसे आणि घोणस पुष्कळदा जागचे हलत नाहीत. फुरसे तर अंगाचे खवले एकमेकांवर घासून आवाज करते आणि तिथेच बसून राहते. म्हणून रात्री काठीच्या जोडीला विजेरी हवी. ती डोक्याच्या उंचीवर न धरता गुडघ्याच्या उंचीवर, पुढे तिरपी धरावी. वरून पडलेल्या उजेडात खडा, काटकी आणि वेटोळे सगळे सपाट दिसते. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि वेटोळे चटकन ओळखू येते. अंथरुणाच्या बाबतीतही साधी वस्तूच कामाला येते. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. बाज वापरावी आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. आग्नेय नेपाळमधील एका पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना रात्रीच्या सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी आढळला. एवढे करूनही दंश झालाच तर कापू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता १०८ क्रमांकाला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात जावे.

आता दुसरा प्राणी. बिबट्या फक्त डोंगरातच असतो असे नाही, तो मुंबईतही आहे. २९ सप्टेंबर २०२१ रोजी संध्याकाळी मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीत काठी टेकत चालणाऱ्या एक बाई घराबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. मागे दबा धरून असलेल्या बिबट्याने त्यांच्यावर झडप घातली. बाई खाली पडल्या, पण त्यांनी काठी सोडली नाही. पडल्या पडल्या त्या ती बिबट्याच्या तोंडासमोर फिरवत राहिल्या आणि काही क्षणांत बिबट्या मागे हटला. आरडाओरड ऐकून माणसे धावली आणि थोड्या जखमांवर बाई बचावल्या. हा सगळा प्रसंग तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला.

चालायला आधार लागणाऱ्या माणसाच्या काठीत बिबट्याला इजा करण्याएवढे बळ होते का? खात्रीने नव्हते. पण बिबट्या एकट्याने शिकार करतो. पाय किंवा दात मोडला तर त्याला कोणी आयते आणून देत नाही. त्यामुळे सावज वळून उभे राहिले, तोंडासमोर काहीतरी वेगाने फिरू लागले की बहुतेक वेळा तो माघार घेतो. तो बहुधा मागून येतो, आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, हेही या प्रसंगात दिसते. म्हणून बिबट्या समोर आलाच तर वाकू नये, पळू नये. ताठ उभे राहावे, लहान भावंडाला उचलून घ्यावे, छत्री असेल तर ती उघडावी, इरले डोक्यावर उंच धरावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास जंगलात जाणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते. वाघाला पाठ दिसू नये, एवढीच त्यातली युक्ती. काही काळ तिचा उपयोगही झाला.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शेतात जाणाऱ्या गावकऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसाच हा पट्टा. त्यामागचे सूत्र तुम्ही शिकला आहात: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, जबड्याचे २०० न्यूटन बल १ चौरस सेंटिमीटरवर पडले, तर दाब २० लाख पास्कल होतो. तेच बल १ चौरस मिलिमीटर टोकाच्या खिळ्यावर पडले की दाब शंभर पट, म्हणजे २० कोटी पास्कल. चावणाऱ्याचेच बल त्याच्या टाळूत घुसते. अर्थात गळ्यात खिळे घालून शेतात जावे लागणे ही काही सुखाची गोष्ट नाही, पण युक्ती बिनचूक आहे.

पुन्हा काठीकडे वळू. तुमची मूठ खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि काठी तिच्यापुढे १२० सेंटिमीटर आहे. हात आणि काठी एका रेषेत ठेवून फिरवल्यास काठीचे टोक मुठीच्या तिप्पट वेगाने जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे टोकाजवळच्या प्रत्येक ग्रॅमला मुठीजवळच्या ग्रॅमच्या नऊ पट ऊर्जा मिळते. मग काठी आणखी लांब का करू नये? कारण लांबी दुप्पट केली की वजन दुप्पट होते, पण एका टोकाशी धरून फिरवताना होणारा विरोध, ज्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, आठपट होतो. अशी काठी वेळेवर वळतच नाही. बांबू इथेच सरस ठरतो. वाकण्याला विरोध मुख्यतः बाहेरच्या थराकडून होतो आणि आतला गाभा नुसते वजन वाढवतो. बहुतेक बांबूंत तो गाभा नसतोच.

पण समोर माणूस असेल तर? प्राणी काठी पकडत नाही, माणूस पकडतो. दीड मीटरची काठी घ्या. एक हात अगदी शेवटी आणि दुसरा त्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. आता मित्राला दुसरे टोक आडवे ढकलायला सांगा. त्याने ५० न्यूटन बल लावले, तर तुमच्या पुढच्या हाताला ५० × १५० ÷ ३० = २५० न्यूटन बल लावावे लागेल, म्हणजे सुमारे २५ किलो वजन उचलण्याइतके. काठी ही तरफ आहे आणि तरफ ज्याच्या हाती लांब बाजू त्याची! पुढचा हात ७५ सेंटिमीटरवर नेला तर १०० न्यूटनांत भागते, पण मग काठीची पोच कमी होते. म्हणून काठी पकडली गेली तर ओढाताण करू नका. ती त्याच्या हाती सोडून द्या आणि उजेडाकडे, माणसांकडे धावा. काठी पुन्हा मिळेल.

मनगट पकडले गेले तरी तरफच उपयोगी पडते. पकडीत एका बाजूला चार बोटे असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. मागे ओढू नका. मनगटाची अरुंद कड अंगठा आणि बोटे मिळतात त्या फटीकडे वळवा, कोपर वाकवून पुढे न्या आणि झटक्याने हात त्या फटीतून काढा. मित्राबरोबर आधी सावकाश, मग जोराने करून पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग मुलींकडून अवश्य करवून घ्यावा.

कायदाही स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम ३४ ते ४४ त्याविषयी आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही, अशी त्याला मर्यादा आहे. सुटल्यावर मागे वळून मारणे हा बचाव नव्हे. मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि वन्य प्राण्यासंबंधी वन विभागाचा १९२६ हे क्रमांक पाठ असावेत.

शेवटी एक प्रयोग. भीतीने घसा कोरडा पडतो आणि ओरडणे जमत नाही; शिट्टीला मात्र थोडीशी फुंकर पुरते. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्टीत सर्वांत तीक्ष्ण असतो आणि नेहमीच्या शिट्टीचा सूर याच पट्टीत बसतो. मैदानावर एकाला शिट्टी, दुसऱ्याला पितळी थाळी आणि पळी द्या. तिसऱ्याने नुसते ओरडावे. बाकीच्यांनी दूर दूर जात प्रत्येक आवाज किती पावलांपर्यंत स्पष्ट ऐकू येतो ते मोजावे. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा वाऱ्याविरुद्ध. मग जवळच्या झाडीत शिरून हेच पुन्हा करा आणि आकडे वहीत मांडा. शिट्टी मात्र दप्तराच्या तळाशी न ठेवता पट्ट्याला दोऱ्याने बांधा.