चेहरा वाचण्याची घाई

भावना मनात उमटणे आणि ती चेहऱ्यावर, आवाजात किंवा हालचालीत दिसू देणे या दोन वेगळ्या क्रिया असून, त्यांपैकी दुसरीवर समाजाचे संस्कार फार खोलवर झालेले असतात. कोणापुढे, कोणत्या प्रसंगी, कोणती भावना किती दाखवावी याविषयीच्या अलिखित संकेतांना पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये 'डिस्प्ले रूल्स', म्हणजे भावप्रदर्शनाचे नियम, असे नाव दिले. भारतीय परंपरेलाही हा भेद अपरिचित नाही, कारण भरताच्या नाट्यशास्त्रात अंतरीचा भाव आणि तो बाहेर प्रकट करणारे अनुभाव यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे.

फ्रीसन यांच्या १९७२ च्या अभ्यासात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना अस्वस्थ करणारे चित्रपट दाखवले गेले. एकटे असताना दोन्ही गटांच्या चेहऱ्यांवर बरीचशी सारखीच प्रतिक्रिया उमटली. मात्र अधिकारपदावरील व्यक्ती समोर येताच जपानी विद्यार्थ्यांनी ती अस्वस्थता स्मितामागे अधिक प्रमाणात झाकली. या प्रयोगावर पुढे आक्षेप घेतले गेले असले, तरी वरिष्ठाच्या उपस्थितीत चेहरा बदलतो ही त्यातील गोष्ट कोणत्याही कचेरीत पडताळून पाहता येते, आणि कामाच्या ठिकाणी वरिष्ठ जवळजवळ नेहमीच समोर असतात.

पुणे, चाकण आणि रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात जपानी व मराठी माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करीत आहेत, आणि तेथील बैठकांत दुभाष्याच्या खुर्चीवरून प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला एक प्रसंग या विषयावर पुरेसा प्रकाश टाकतो. सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्याला नव्या साच्याच्या सॅम्पलसाठी मुदतवाढ हवी होती. मराठी अभियंते कारणे मांडत असताना जपानी गुणवत्ता अधिकारी सतत मान डोलावत होते, मधूनमधून हसत होते. शेवटी त्यांनी दातांतून हळूच श्वास आत ओढला, मान किंचित कलती केली आणि 'जरा अवघड आहे, विचार करून पाहतो' एवढेच म्हटले. जपानी व्यवहारात ऐकत असताना डोलावलेली मान 'तुमचे बोलणे पोहोचते आहे' एवढेच सांगते, आणि तो ओढलेला श्वास व ते 'अवघड' बहुधा नकाराचे असतात. मराठी चमूने मात्र मान हलली म्हणजे होकार मिळाला, साहेब हसले म्हणजे खूश झाले, असा अर्थ घेतला आणि कामाचा रेटा सैल केला.

चूक एकाच बाजूची नव्हती, ही या प्रसंगातील अधिक महत्त्वाची गोष्ट आहे. जुनी तारीख पाळता येईल का, या प्रश्नावर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी दोन्ही बाजूंना मान हलवत 'हो सर, होऊन जाईल, काळजी करू नका' असे उत्तर दिले होते. पाहुण्या वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणू नये, या आपल्याकडील शिष्टाचाराचे ते उत्तर होते, पण पलीकडे ते पक्के वचन म्हणून नोंदले गेले. माल उशिरा निघाला, विमानाने पाठवावा लागला, खर्च कारखान्याच्या माथी पडला. आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याने फसवल्याच्या भावनेने दुखावले गेले. दुभाष्याने प्रत्येक शब्द चोख पोहोचवला होता, परंतु श्वास आणि मानेची हालचाल भाषांतरासाठी त्याच्याकडे आलीच नव्हती.

समोरच्याची भावना ओळखण्याची रीतही संस्कृतीगणिक बदलते. ताकाहिको मासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चित्रातील मधल्या माणसाची भावना ठरवताना जपानी सहभागींवर भोवतालच्या माणसांच्या चेहऱ्यांचा प्रभाव पडला, तर अमेरिकी सहभागींनी बव्हंशी मधल्याच चेहऱ्यावरून निवाडा केला. याचा अर्थ परक्याचा चेहरा पूर्णपणे अगम्य असतो असा नव्हे. एल्फेनबाइन आणि अंबाडी या संशोधकांनी २००२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले, की परसमूहातील भावनाही ओळखता येतात, फक्त स्वसमूहातील अधिक अचूक ओळखता येतात. धोका अज्ञानापेक्षा या अर्धवट ओळखीत अधिक आहे, कारण ती माणसाला विचारण्याची गरजच भासू देत नाही.

म्हणून परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांनी निर्णय चेहऱ्यावरून गृहीत न धरता बैठक संपण्यापूर्वी तारीख, जबाबदारी आणि नकार हे तिन्ही मोठ्याने वाचून लेखी घ्यावेत. 'जमेल का?' या प्रश्नाला आपल्याकडे आणि जपानमध्येही नकारार्थी उत्तर येणे कठीण असते. 'यातला कोणता भाग अडेल?' असे विचारले, की तीच माणसे मोकळेपणाने अडचण सांगतात. नाजूक विषय भरल्या बैठकीत काढण्याऐवजी आदल्या दिवशी संबंधित व्यक्तीशी एकट्याने बोलून घ्यावा. दुभाष्याला केवळ शब्दांचा वाहक न मानता बैठकीनंतर 'तुम्हाला काय जाणवले?' असे अवश्य विचारावे. त्याचबरोबर 'जपानी असेच असतात' किंवा 'मराठी माणूस तोंडावर बोलत नाही' अशी सूत्रे पाठ करणेही तितकेच घातक आहे, कारण एखाद्याचे मौन त्याच्या देशापेक्षा त्याच्या पदामुळे, थकव्यामुळे किंवा नोकरी जाण्याच्या भीतीमुळे आलेले असू शकते. जुळवून घेण्याचे ओझे बहुतेक वेळा कनिष्ठावर पडते. ते वरिष्ठाने आपल्याकडे घ्यावे, कारण विचारण्याची मुभा त्यालाच अधिक असते.

मुलाखतीतील आणि कामावरील चेहरे संगणकाकडून 'वाचून' घेण्याची साधने आता विकली जात असल्याने चेहऱ्यावरून निष्कर्ष काढण्याची ही घाई अधिक गंभीर झाली आहे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ च्या विस्तृत आढाव्यात केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला; आणि युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता कामाच्या ठिकाणी अशा भावना-ओळखीवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. आपल्याकडील मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी कायद्याची वाट न पाहता मूल्यमापनाच्या तक्त्यातून 'चेहऱ्यावरील उत्साह' यासारखे रकाने आजच काढून टाकावेत.