सिंधुदुर्गात भटकताना: खानेसुमारी आणि वस्तीची एसटी

महाराष्ट्रातला सगळ्यांत कमी लोकसंख्येचा जिल्हा म्हणजे सिंधुदुर्ग. २०११च्या जनगणनेत इथे ८,४९,६५१ माणसं मोजली गेली. २००१मध्ये ती ८,६८,८२५ होती. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली सुमारे १९ हजारांनी घटली. हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. तरुण मुंबईला, घर सांभाळायला आई-आजी, हे चित्र त्या आकड्यांत सरळ दिसतं.

भटक्याला या खानेसुमारीचं काय? बरंच काही. चौरस किलोमीटरला १६३ माणसं, तीही बहुतेक खेड्यांत. आणि कोकणातलं खेडं देशावरच्यासारखं एका जागी दाटलेलं नसतं. ते वाड्यावाड्यांत पसरलेलं असतं. त्यामुळे नुसतं गावाचं नाव घेऊन रिक्षात बसू नये, वाडीही विचारून घ्यावी. नाहीतर पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन किलोमीटरची चाल गड यायच्या आधीच पदरी पडते.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला आहे. तिथे कचेऱ्या भरपूर. भटक्यांचे तळ मात्र कुडाळ, सावंतवाडी आणि मालवण. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात हवाई अंतर साधारण ४० ते ६० किलोमीटर. नकाशावर सगळं हाताशी वाटतं, पण मध्ये जांभ्याचे सडे, व्हाळ आणि खाड्या आहेत. सकाळी डोंगर आणि संध्याकाळी किनारा हा बेत स्वतःची गाडी असेल तरच करावा.

डोंगराकडे जायचं तर कुडाळ तालुक्यातलं शिवापूर गाठावं. तिथून मनोहरगड चढता येतो. शेजारच्या मनसंतोषगडाला दोर आणि प्रस्तरारोहणाचा सराव लागतो. हौसेने तिकडे वळू नये. १८४४-४५च्या गडकऱ्यांच्या बंडात ही जोडी इंग्रजांशी झुंजली होती. त्याच तालुक्यातल्या नारूरहून दाट जंगलातून रांगण्याला वाट जाते. गड कोल्हापूर जिल्ह्यात, वाट मात्र सिंधुदुर्गातली! पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला वाटाड्या घ्यावाच. वाटेत चुकलात तर विचारायला माणूस भेटेलच असं नाही.

आंबोली घाटमाथ्यावर, सावंतवाडीपासून सुमारे ३० किलोमीटरवर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटातल्या धबधब्यापाशी जत्रा असते. शांतता हवी तर आडवारी जावं, जळवांसाठी मीठ-हळद जवळ ठेवावी. इथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे वळते आणि घटप्रभा, कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या छोट्या माशामुळे २०२१मध्ये त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कुंडात उतरू नये.

चढाईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त घ्यावं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं. गणपतीत तर चाकरमानी परततात. एरवी कुलूपबंद असलेली घरं उघडतात आणि रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली असतात. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. संध्याकाळची वस्तीची गाडी रात्री गावात मुक्काम करून पहाटे परत निघते. गडावरून उतरायला उशीर झाला, तर थेट तीच गाडी. म्हणून तिची वेळ डेपोत आधी विचारून ठेवावी आणि रात्री टेकायची सोय कुठे होईल, हे गड चढण्याआधीच गावात बोलून घ्यावं.