छंदमंडळाची दोन साधने : कॅमेरा आणि धातुशोधक



पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण सोडले की डाव्या हाताला उजनीचे पाणी अधूनमधून दिसू लागते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव हे त्यांपैकीच एक. माणसे वरच्या अंगाला नव्या जागी राहायला गेली. पळसनाथाचे दगडी देऊळ मात्र जागीच राहिले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी खूप खाली उतरले की ते पुन्हा उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात.

समजा, तुम्हीही अशाच एखाद्या उघड्या पडलेल्या जागी गेला आहात. भेगाळलेल्या गाळात हिरवट पडलेले एक नाणे तुम्हाला दिसले. तुम्ही काय कराल? उचलून खिशात टाकाल? शेजारी आणखी नाणी असतील म्हणून उकराल? की आणखी काही कराल? उत्तराची घाई करू नका. आधी आपण दोन साधनांची ओळख करून घेऊ.

पायाळू माणूस आणि धातुशोधक

‘पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते’ ही समजूत तुम्ही आजीकडून ऐकली असेल. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याचा पुढे नजरेवर काहीच परिणाम होत नाही, हे तुम्ही जाणताच. जमिनीतला धातू डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्याकडून विजेच्या मार्गाने उत्तर मात्र मिळवता येते.

धातुशोधकाच्या खालच्या टोकाला ताटलीसारखा भाग असतो. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातूची वस्तू आली की त्या वस्तूत लहान लहान गोल फिरणारे विद्युत्प्रवाह निर्माण होतात. त्यांना भोवरा-प्रवाह म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे एक दुबळे चुंबकीय क्षेत्र उभे करतात. ते ताटलीतल्या दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि कानाशी ‘टूं’ असा आवाज होतो. दहावीच्या पुस्तकात तुम्ही वाचता ते फॅरेडेचे विद्युत्चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

ही कल्पना जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात अडकलेली ती गोळी शोधण्यासाठी, टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक साधन वापरून पाहिले. गोळी सापडली नाही. रुग्णाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ केला, असे एक कारण त्यासाठी सांगतात. या गोष्टीतून एक धडा घ्यावा. धातुशोधक ‘येथे धातू आहे’ एवढेच सांगतो. तो धातू कोणता, कशाचा आणि किती मोलाचा, हे त्याला नीट सांगता येत नाही. सोन्याची अंगठी आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद यांचा आवाज बहुधा सारखाच येतो!

खोलीचे गणित

आता थोडे गणित करू. वेटोळ्यापासून बरेच दूर गेल्यावर त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणजे अंतर दुप्पट केले की क्षेत्र २ × २ × २ = ८ पट दुबळे होते. पण हा झाला नुसता जाण्याचा प्रवास. वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही अंतर दुप्पट झाल्यावर ८ पट दुबळे होते. दोन्ही मिळून ८ × ८ = ६४. नाणे दुप्पट खोल गेले की त्याचे उत्तर चौसष्टाव्या हिश्श्यावर येते!

म्हणूनच साधा धातुशोधक एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंतच नीट ओळखतो. मोठा हंडा त्याहून खोल कळेल, इतकेच. ‘आमचे यंत्र वीस फुटांवरचे सोने दाखवते’ असे सांगून कोणी गुप्तधनाच्या नावाने पैसे मागू लागला, तर त्याला हे चौसष्टचे गणित विचारा. गुप्तधनाच्या नादाने माणसे नागवली गेली आहेत आणि त्यापायी अघोरी कृत्येही झाली आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्यांचाही समावेश आहे.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. आपली काळी माती अग्निजन्य बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. त्यामुळे धातू नसतानाही यंत्र अधूनमधून कुरकुरते.

यंत्राला न ऐकू येणारा इतिहास

इंदापूरवरून वाहणाऱ्या भीमेला वरच्या अंगाला घोड नदी मिळते. या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. तेथे तांब्याच्या वस्तूही मिळाल्या. पण त्या गावाची हकीकत कळली ती मुख्यतः घरांच्या जमिनी, खांबांचे खळगे, चुली, जळके धान्य, खापरे आणि पुरलेल्या सांगाड्यांवरून. यांतल्या एकाचाही धातुशोधकाला पत्ता लागला नसता. यंत्राचा आवाज ऐकून कोणी जागोजाग खड्डे घेतले असते, तर तांब्याचे चार तुकडे हाती आले असते आणि गाव मात्र कायमचे हरवले असते.

दुसरे उदाहरण दायमाबादचे. प्रवरा नदीकाठचे हे ठिकाण अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. १९७४ साली तेथे झाडाचे खोड खणताना एका ग्रामस्थाला कांस्याच्या चार भरीव वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोहून जास्त! त्या आज देशाचा ठेवा आहेत. पण शास्त्रीय उत्खननात थरांची नोंद होते, तशी या वस्तूंची झाली नव्हती. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. वस्तू मिळाल्या, पण त्यांचा पत्ता पुसला गेला.

पत्ता राहिला तर काय घडते, हे जोगळटेंभी येथे दिसते. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. ती नहपान या क्षत्रप राजाची नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. यावरून सातवाहन राजाने नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, हे स्पष्ट झाले. तीच नाणी एकेक करून बाजारात विकली गेली असती, तर हे कोणाला कळले असते? तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : जुन्या वस्तूचे अर्धे मोल वस्तूत असते आणि अर्धे ती जेथे, ज्यांच्या सोबतीने पडली आहे त्या जागेत असते.

कायदा काय सांगतो?

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या वाट्याचाही या कायद्यात विचार केला आहे. लपवणारा मात्र वाटा गमावतो आणि शिक्षेस पात्र ठरतो. संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. इंग्लंडमध्ये धातुशोधनाची छंदमंडळे आहेत आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना १९९७ पासून चालू आहे. पण तेथेही संरक्षित स्मारकावर विनापरवाना यंत्र फिरवणे हा गुन्हाच आहे.

मग आपल्या छंदमंडळाने धातुशोधक कोठे वापरावा? शाळेतला लांब उडीचा वाळूचा खड्डा ही उत्तम जागा! प्रयोग पुढे दिला आहे. शेतात पडलेले विळ्याचे पाते, अंगणात हरवलेली किल्ली, मातीखाली गेलेले नळाच्या झडपेचे झाकण, असे काही मालकाच्या परवानगीने शोधून दिले तर लोक दुवाच देतील. जुन्या जागांवर मात्र यंत्र घरी ठेवायचे आणि दुसरे साधन बाहेर काढायचे.

काही न नेता सर्व नेणारा कॅमेरा

ते साधन म्हणजे कॅमेरा. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कृती जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत हौशी छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. हेच भाऊ दाजी शिलालेख आणि नाणी यांचे नामांकित अभ्यासक होते. छंद आणि संशोधन यांची जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

पूर्वी फिल्म महाग असे. आता घरातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा असतो. पण सुंदर छायाचित्र आणि उपयोगी छायाचित्र यांत फरक आहे. उपयोगी छायाचित्रासाठी चार नियम पाळा.

१. प्रत्येक वस्तूची तीन चित्रे घ्या : एक दुरून, आजूबाजूच्या खुणा दिसतील असे, एक मध्यम अंतरावरून, एक जवळून.

२. वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवा. पट्टी नसेल तर वीरगळ हातभर आहे की पुरुषभर, हे चित्रावरून कळत नाही.

३. वहीत तारीख, वेळ, गाव, चित्राची दिशा आणि मोबाइलने दाखवलेले अक्षांश-रेखांश लिहा.

४. वस्तू हलवू नका. झिजलेली अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पीठ फासू नका.

‘मग अक्षरे दिसणार कशी?’ असे तुम्ही विचाराल. त्यासाठी सूर्याची मदत घ्या. दगडावर २ मिलिमीटर उंचीचा कंगोरा आहे असे समजा. प्रकाशकिरण दगडाच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करत असतील तर त्याची सावली २ मिलिमीटरच पडेल. कोन १० अंशांचा असेल तर सावली ११ मिलिमीटरांहून लांब पडेल. म्हणून जमिनीवर आडव्या पडलेल्या शिळेचे चित्र सकाळी लवकर किंवा सायंकाळी घ्यावे. उभ्या शिळेला बाजूने बॅटरीचा किंवा आरशाचा प्रकाश पाडावा. भर दुपारी कोरी वाटणारी शिळा अशा वेळी बोलू लागते.

कॅमेऱ्याचा हा सराव देवळापुरताच नाही. भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचे थवे, तारखा आणि पाण्याची पातळी यांची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद हेही विज्ञानच होय. मात्र चित्रासाठी पक्ष्यांना उठवू नका. आणि पाणलोटातल्या गाळात एकट्याने कधीही उतरू नका. वरून वाळलेला गाळ खाली मऊ असतो. शिक्षक आणि गावातली जाणती माणसे बरोबर हवीत.

करून पाहा

प्रयोग १ : वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा मिळवा. तेवढाच प्लॅस्टिकच्या नळीचा घ्या. नळीत सहज जाईल असा लहान, पण जोरदार चुंबक दोन्हींतून उभा सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तांब्याच्या नळीतून तो रेंगाळत उतरतो. ही भोवरा-प्रवाहांची करामत. (असा चुंबक मोबाइलपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.)

प्रयोग २ : चुंबकीय क्षेत्र मोजणारे ॲप मोबाइलमध्ये उघडा. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला दिसेल. आता जवळ विळा आणा, मग पितळी पेला आणा. आकडा कधी बदलतो? मोबाइलला लोखंड कळते, पण पितळ का कळत नाही?

प्रयोग ३ : धातुशोधक मिळाला तर वाळूच्या खड्ड्यात एक रुपयाचे नाणे, चमचा आणि पितळी पेला अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटर खोल पुरा. आवाज कोठवर येतो याचा तक्ता करा. वस्तू मोजून पुरा आणि मोजूनच बाहेर काढा. त्याच खड्ड्यात उद्या कोणी उडी मारणार आहे!

आता त्या गाळातल्या नाण्याकडे परत येऊ. ते न उचलता, शेजारी पट्टी ठेवून, तुम्ही त्याची तीन चित्रे घेतली. वहीत जागा टिपली. शिक्षकांना सांगितले आणि त्यांच्यामार्फत तहसील कार्यालयाला लेखी कळवले. तुमचा खिसा रिकामा राहिला हे खरे. पण त्या नाण्याचा पत्ता शाबूत राहिला, आणि तो पहिल्यांदा लिहून ठेवणाऱ्याचे नाव तुमचे आहे.

विचार करा

१. नाणे तिप्पट खोल गेले तर त्याचे उत्तर किती पट दुबळे होईल?

२. किरण पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर २ मिलिमीटर उंच कंगोऱ्याची सावली किती पडेल?

३. तुमच्या गावातल्या एका वीरगळाची किंवा जुन्या बारवेची, वरचे चार नियम पाळून, नोंद तयार करा आणि शाळेच्या फलकावर लावा.