कपोत म्हणजे पारवा की होला?

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील सातव्या अध्यायात अवधूत यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगू लागतो. हीच कथा श्रीकृष्णचक्रवर्तींनी उद्धवदेवांस निरूपिली. त्या गुरूंमध्ये आठवा कपोत होय. सातीग्रंथांपैकी भास्करभट्ट बोरीकरांची ८२७ ओव्यांची ‘उद्धवगीता’ याच स्कंधावर असल्यामुळे हे आख्यान आपल्या पंथात वारंवार निरूपणास येते. त्या वेळी ‘कपोत’ शब्दाचा अर्थ बहुधा ‘पारवा’ असा सांगितला जातो. अलीकडे तर ‘कबूतर’ हा फारसीतून आलेला शब्दच तोंडी बसला आहे. आमच्या मते हा अर्थ येथे जुळत नाही.

घोटाळ्याचे मूळ जुने आहे. अमरकोशात पारावत आणि कपोत हे एकाच पक्ष्याचे पर्याय म्हणून दिले आहेत. पारावताचा पारवा झाला हे उघड आहे. म्हणून कपोतही पारवाच, असे अनुमान निघते. परंतु सुश्रुतसंहितेत प्रतुद वर्गातील पक्षी मोजताना कपोत व पारावत ही दोन नावे वेगवेगळी आली आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोत घरात शिरणे हा अपशकुन मानून त्याची शांती सांगितली आहे. जो पक्षी घराच्या वळचणीसच राहतो, त्याच्या येण्याचा अपशकुन कोण मानील?

आता आख्यानच पाहावे. हा कपोत अरण्यात, झाडावर घरटे करून, कपोतीसह काही वर्षे राहतो. पारवा झाडावर घरटे करीत नाही. कडेकपारी, विहिरीची कोनाडी, देवळाची शिखरे, पडक्या गढ्या ही त्याची वस्ती. झाडावर घरटे करतो तो होला. वऱ्हाडातील कोणत्याही बाभळीवर हे घरटे दिसेल. चार काटक्या आडव्या टाकलेल्या, त्याही इतक्या विरळ की खालून आतली दोन पांढरी अंडी दिसावीत. होला दाणे टिपतो तेही जमिनीवरच. व्याधाचे जाळे जमिनीवर पसरलेले होते, हेही येथे लक्षात घ्यावे. कोकणात या जातीस ‘कवडा’ म्हणतात. कपाटाचे कवाड झाले त्या रीतीने कपोताचाच कवडा झाला असावा, असे वाटते.

पक्ष्याचे नाव बदलल्याने अर्थात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक पडतो. पारवा म्हटले की श्रोत्यापुढे वाडा येतो, भिंती येतात, माणसांनी टाकलेली ज्वारी येते. मग वासनिकास वाटते की हा दोष आपल्या घरादाराचा; आणि भिक्षूस वाटते की आपण वाडा केव्हाच सोडला, ही कथा आपल्यासाठी नव्हे. होला म्हटले की ही पळवाट बुजते. त्याच्यापाशी सोडण्यासारखे घरच नव्हते. झाडाचाच आश्रय, आणि चार काटक्या. तरीही पिले जाळ्यात सापडलेली पाहून कपोती धावली व गुंतली. त्या सर्वांस पाहून विलाप करीत कपोतही जाळ्यात पडला. घरटे तर झाडावर तसेच राहिले. त्यांना बांधले ते संबंधाने.

सर्वज्ञांनी आचार प्रकरणात स्वदेशाचा व स्वग्रामाचा संबंध त्याज्य म्हटला, आणि संबंधियांचा संबंध मात्र विशेषेकरून त्याज्य म्हटला. या ‘विशेषा’चे कारण कपोताच्या आख्यानात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसत असेल. झाडातळी राहणाऱ्या, नित्य अटन करणाऱ्या साधकाने ते आपल्याकडे लावून पाहावे. मठ सुटतो, गाव सुटते. शिष्य, गुरुबंधू, ओळखीची घरे यांच्याविषयीचा जिव्हाळा झोळीबरोबर चालत येतो. गृहस्थ वासनिकांस हे आख्यान लागू नाही असे नव्हे. मूळ पाठात ते गृहासक्त कुटुंबियास उद्देशूनच आहे. परंतु त्यांना ते आधीच पटलेले असते.

निरूपणकारांस एवढीच विनंती की, पोथी वाचताना ‘कपोत’ शब्द तसाच ठेवावा आणि अर्थ सांगताना देशावर व वऱ्हाडात ‘होला’, कोकणात ‘कवडा’ म्हणावे. शहरातील मुलांस हे नाव ठाऊक नसल्यास ‘मानेवर ठिपके असलेला, पारव्याहून लहान व सडपातळ, झाडावर घुमणारा पक्षी’ अशी ओळख द्यावी. तो शहरातील बागांतूनही दिसतो.