नावाचे मोल आणि बीडचे सीताफळ

वस्तूची किंमत मागणी आणि पुरवठा यांवरून ठरते, असे अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो. फळबाजारात मात्र किमतीचा आणखी एक वाटेकरी भेटतो. तो म्हणजे गावाचे नाव. तेथे नुसता आंबा विकला जात नाही. देवगड विकला जातो, रत्नागिरी विकली जाते. पेटीतले प्रत्येक फळ चाखून घेण्याची सोय नसते, म्हणून गिऱ्हाईक नावावर भरवसा ठेवून जास्तीचे पैसे मोजते. साहजिकच नावाची चोरीही होते. कर्नाटकातला आंबा कोकणच्या नावाखाली विकल्याच्या तक्रारी दर हंगामात ऐकू येतात.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताने आपले नाव कायद्याने राखले आहे. आपल्याकडे असा कायदा 1999 साली झाला व 2003 पासून अमलात आला. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. हापूसला हे मानांकन 2018 साली मिळाले. आणि किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे, पण बीडच्या सीताफळाला ते त्याआधीच, 2016 साली मिळाले आहे!

कोणी म्हणेल, सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले; ते बीडचे कसे? पण कायदा झाडाची जन्मपत्रिका मागत नाही. मालाचा गुण किंवा लौकिक त्या भूमीमुळे आहे काय, एवढेच तो विचारतो. बालाघाटच्या डोंगरात, धारूरच्या बाजूला, मुरमाड उतारावर ही झाडे आपोआप वाढतात. त्यांना कोणी पाणी घालत नाही. फळ लहान, बिया पुष्कळ, पण गोडी अशी की विचारू नये.

अडचण पुढेच आहे. डोळे उघडलेले सीताफळ दोन-चार दिवसांत मऊ पडते. बाया पहाटे डोंगरात जातात, पाट्या भरतात आणि सडकेवर येऊन बसतात. व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो, कारण उद्या त्याच फळाला तोही मिळणार नाही. शहरात गेल्यावर ते नुसते ‘सीताफळ’ होते. बीडचे नाव वाटेतच गळून पडते. इकडे बार्शी तालुक्यातील नवनाथ कसपटे यांनी निवडलेले ‘एनएमके-1 गोल्डन’ हे वाण मोठे, कमी बियांचे व जास्त दिवस टिकणारे आहे. ते गावाच्या नव्हे, वाणाच्या नावावर खपते. टिकाऊपणाची जोड नसेल तर नुसते गावाचे नाव दुबळे पडते, असे मला यावरून वाटते.

शिवाय मानांकनाचे नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि त्यासाठी आपण उत्पादक आहोत हे दाखवावे लागते. बागवाल्याजवळ सातबारा असतो. डोंगरातल्या झाडाचा उत्पादक कोण? पाटी वाहणारी बाई कागदावर कोठेच नाही.

बीडचे नाव बाहेर निघते ते बहुधा दुष्काळासाठी किंवा ऊसतोडीसाठी. सीताफळाचा भर दसऱ्याच्या सुमारास असतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि पाट्या घेऊन सडकेवर बसलेल्या बायांपैकी कितीतरी जणी त्यांत असतात.